तुमचा प्रोजेक्ट अजून चालतो का?

गेले तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. ऑफिसात फ्रेशर्सच्या मुलाखतींचा मोसम सुरू आहे आणि आमच्या मॅनेजरला अचानक साक्षात्कार झालाय की मला माणसं पारखता येतात. (मी निवडून आणलेली आंब्याची पेटी एकदा उघडून बघितली असती तर झाला नसता. :) ) तर तीन आठवड्यांत दोनशेच्या आसपास रेझ्युमे चाळले आणि तीसेक मुलामुलींशी बोललो. त्यातून डोक्यात जे साचलंय ते आज मोकळं करतो.

पहिले दहा रेझ्युमे वाचले की पुढचे एकशे नव्वद वाचल्यासारखेच असतात. वर मार्क, खाली प्रोजेक्ट्स. नेटफ्लिक्सची नक्कल, टू-डू लिस्ट, हवामान दाखवणारं ॲप. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात एक भर पडलीये, पीडीएफशी गप्पा मारणारा चॅटबॉट. सगळ्यात शेवटी आवडी: क्रिकेट, संगीत ऐकणे, नवीन टेक्नॉलॉजी शिकणे. एका मुलाच्या हवामानाच्या ॲपमध्ये उघडल्या उघडल्या लंडनचं तापमान यायचं. मुलगा बार्शीचा. म्हटलं, लंडन का रे बाबा? तर म्हणाला, "सर, व्हिडिओमध्ये लंडनच होतं."

तेव्हा मी आणि शेजारचा सहकारी मनसोक्त हसलो. नंतर लाज वाटली. कारण त्या मुलाला लंडनला नेऊन बसवलं कुणी? आपणच. मुलाखतीत पहिला प्रश्न आपण काय विचारतो? "टेक स्टॅक काय वापरला?" तो म्हणतो रिॲक्ट, नोड, मोंगो. आपण मान डोलावतो आणि पुढे सरकतो. चार वर्षं लॅबमध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी++ (बोरलँडचं हे पिल्लू १९९० चं, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं) चालवून आलेल्या मुलाला बाहेर काय खपतं ते बरोबर कळतं. तो तेच बनवून आणतो. आपण नावं विचारली, त्यांनी नावं पाठ केली.

ह्याचं अगदी टोक २०२० च्या ऑक्टोबरात बघायला मिळालं होतं. डिजिटलओशन कंपनीचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम असतो. त्या वेळी ओपन सोर्स प्रोजेक्टना चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. हेतू चांगला होता. पण 'हे कसं करायचं' सांगणारा आपल्याकडचा एक व्हिडिओ तुफान चालला आणि लोकांनी जगभरातल्या प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये 'अमेझिंग प्रोजेक्ट' असले शब्द घुसवून पुल रिक्वेस्ट धाडायला सुरुवात केली. फुकट राबून ते प्रोजेक्ट सांभाळणारे लोक कावले. शेवटी त्याच महिन्यात नियम बदलावा लागला, की ज्यांनी स्वतःहून भाग घेतलाय त्याच प्रोजेक्टमधलं काम मोजायचं. मला तेव्हा नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मीही ह्या पोरांना भरपूर शिव्या घातल्या होत्या. असो.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या शुक्रवारी शेवटून दुसरा मुलगा आला. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा, डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला आलेला. इंग्रजीतून 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' झालं, सगळं पाठ केलेलं. रेझ्युमेत नेटफ्लिक्स वगैरे होतंच, पण खाली एका ओळीत 'बचत गट हिशोब' असं होतं. त्याबद्दल विचारल्यावर तो अडखळला आणि म्हणाला, "सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?" चालेल म्हटल्यावर मुलगा जो सुटला!

त्याची आई गावातल्या बचत गटाची सचिव. चौदा बायका. दर महिन्याला ठरलेली बचत, त्यातूनच गरजेप्रमाणे कर्ज, महिन्याला दोन टक्के व्याज. हिशोब वहीत. मीटिंगच्या आदल्या रात्री आई वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन अकरापर्यंत बसायची. ह्याने पायथॉन आणि एसक्यूलाइट वापरून ते जुन्या लॅपटॉपवर बसवलं. पहिल्याच महिन्यात आईने चूक काढली. दहा हजारांचं कर्ज, पहिल्या महिन्याला दोनशे व्याज आणि हजार मुद्दल भरलं, तर पुढच्या महिन्याला व्याज नऊ हजारांवर, म्हणजे एकशे ऐंशी. वहीत एकशे ऐंशी, लॅपटॉपवर दोनशे. पोराने व्याज मूळ रकमेवरच लावलं होतं. आईने म्हणे फक्त एवढंच विचारलं, "हे वरचे वीस रुपये कुणाचे?" आमच्या टेस्टिंग टीमने असा एक तरी बग इतक्या कमी शब्दांत लिहिला तर मी पार्टी देईन.

पण खरी मजा पुढे आहे. तीन महिन्यांनी कुऱ्हाडे काकूंचे हप्ते गायब झाले. (आडनाव बदललंय, भानगड तीच ठेवलीये.) काकूंनी पैसे भरले होते, वहीत सही होती, पण यादीत त्यांच्या नावापुढे बाकी. भर मीटिंगमध्ये. खेड्यात चौदा बायकांसमोर 'तुमचे पैसे आले नाहीत' हे ऐकायला लागणं म्हणजे काय हे शहरात बसून कळणार नाही. काकू मीटिंगमधून उठून गेल्या.

ह्याने रात्रभर शोधलं. डेटाबेसमध्ये कुऱ्हाडे काकू दोन होत्या! पडद्यावर अक्षर न् अक्षर सारखं. एक नाव लॅपटॉपवरून टाकलेलं, दुसरं आईच्या मोबाइलवरून. आपल्या मराठीत 'दर्या' वेगळा आणि 'दऱ्या' वेगळ्या, 'आचार्यांना' वेगळं आणि 'आचाऱ्यांना' वेगळं. तो जो आडवा अर्धा र आहे, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र, त्याचा पाय मोडून पुढे एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी नावं. आणि गंमत म्हणजे युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, तुम्हाला स्वतः बदलून घ्यावी लागतात. मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं नोकरी, त्यातली दोन सर्च टीममध्ये, आणि रोज मराठी टाइप करणारा मी, मला माहीत नव्हतं!

त्याने त्यासाठी लिहिलेलं फंक्शन चार ओळींचं आहे. मग त्याने दोन्ही खाती जोडली आणि आईबरोबर काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यानंतर यादीत एक मोठ्या अक्षरांचं पान घातलं, कारण काकू म्हणाल्या की आम्हाला तुझा लॅपटॉप नको, मीटिंगमध्ये आकडे मोठ्याने वाचून दाखव. आता आई ते पान बघून वाचते आणि बायका आपापल्या पासबुकात ताडून घेतात. दीड वर्ष झालं, चालू आहे.

मुलाखत संपताना मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "तुला काही विचारायचंय?" एरवी मुलं विचारतात 'वर्क कल्चर कसं आहे'. हा म्हणाला, "सर, तुमचा बीईचा प्रोजेक्ट काय होता?" म्हटलं, चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टिम. त्याचे डोळे चमकले. अगदी निरागसपणे विचारलंन्, "भारी! तुमचा प्रोजेक्ट अजून चालतो का, सर?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरं उत्तर असं. २०१९ साली आम्ही चौघांनी तीन-तीन हजार रुपये काढून तो प्रोजेक्ट एका दुकानातून विकत आणला होता. सोर्स कोड, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन, सगळं एका पेन ड्राइव्हवर. रिपोर्टवर आमची नावं सोनेरी अक्षरांत छापून मिळाली, ती पण त्याच पॅकेजमध्ये. हजेरी आमच्यातल्या तिघांचीच लागायची. चौथ्याने दाढी वाढवली की सिस्टिम त्याला ओळखत नसे, म्हणून परीक्षेच्या दिवशी त्याला सलूनमध्ये पाठवलं होतं. एक्स्टर्नलने विचारलं, "कुठला अल्गोरिदम?" आम्ही एका सुरात "हार कॅस्केड" म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि पुढे सरकले. आणि आता त्याच खुर्चीत बसून मी बार्शीच्या मुलाला हसतो. वा!

नक्कल करू नये असं मी म्हणत नाहीये. आपण सगळे गिरवूनच अक्षर शिकलो. नेटफ्लिक्स गिरवा, झोमॅटो गिरवा, खुशाल गिरवा. पण ती सरावाची पाटी आहे, रेझ्युमेत ती 'प्रोजेक्ट' म्हणून लागते तिथे घोटाळा होतो. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून तर ही पाटी एका संध्याकाळीत कुणीही भरून आणू शकतो. कोड कुणी लिहिला हा प्रश्न आता मी विचारतच नाही. मी विचारतो, हे कोण वापरतं? त्याने काय तक्रार केली? मग तू काय बदललंस? कुऱ्हाडे काकूंचा बग एआयला विचारला असता तर कदाचित दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण विचारायला आधी काकूंचे हप्ते हरवावे लागतात ना. ज्या गिटवर सगळ्यांचे हिरवे चौकोन चमकतात, ते गिटसुद्धा लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये पोर्टफोलिओसाठी लिहिलं नव्हतं. लिनक्स कर्नलच्या लोकांना फुकट मिळणारं बिटकीपर बंद झालं आणि कामाचा खोळंबा व्हायला लागला, म्हणून लिहिलं.

हे सगळं मी जेवताना आमच्या टीम लीडला ऐकवलं. तिने शांतपणे डबा संपवला आणि म्हणाली, "अरे, प्रत्येकाची आई बचत गटाची सचिव नसते. माझ्या हॉस्टेलचं दार साडेआठला बंद व्हायचं आणि लॅपटॉप मला पहिल्या पगारातून मिळाला. मी कुणासाठी काय बनवायचं होतं?" ह्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. त्याच आठवड्यात एक मुलगी आली होती, प्रोजेक्ट लायब्ररी मॅनेजमेंट, आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आलेला. :) पण तिने कॉलेजच्या ग्रंथपालांबरोबर तासभर बसून एक गोष्ट घातली होती. पुस्तक 'आत' किंवा 'बाहेर' एवढंच नाही, तर 'बाइंडिंगला गेलंय' असंही असू शकतं. तेवढं पुरे आहे. पण हे तिच्या रेझ्युमेत कुठेच नव्हतं! तिथे 'एमव्हीसी आर्किटेक्चर' होतं. कारण आपण तेच विचारतो.

मुलीला ऑफर गेली. त्या मुलाचं काय झालं? दुसऱ्या पॅनेलवाल्याने त्याला बायनरी ट्री उलटा करायला सांगितला, तो अर्ध्यात अडकला. माझा होकार, त्याचा नकार, जागा चार. शुक्रवारचे सात वाजले होते, हिंजवडीतून निघायची घाई होती, मी म्हटलं, "बरं, वेटिंगवर ठेवू." भांडायला हवं होतं. भांडलो नाही, आणि त्याचं एक कारण बहुधा असं की त्याच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं नव्हतं.

काल रात्री एचआरला आणि मॅनेजरला मेल लिहिली. त्याला परत बोलवा, ह्या वेळी अर्धा तास लॅपटॉप देऊन त्याच्याच कोडमध्ये एक बदल करायला सांगू, शेजारी मी बसतो. वाटल्यास ट्री नंतर शिकवू, तीन दिवसांचं काम आहे. दोनदा वाचली आणि पाठवली. उत्तर सोमवारी येईल.