घर नवं, नोंद जुनी: ही बचत महागात पडते

मुळशीत जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं घर बांधायला काढलं की फुकटचा सल्ला घरपोच येतो. "बांधा, पण ग्रामपंचायतीत नवी नोंद करू नका. घरपट्टी वाढेल. जुन्याच नावावर, जुन्याच आकारणीवर चालू द्या." हा सल्ला देणारे बहुतेक आपलेच असतात, आणि त्यांना वाटतं आपण शहाणपण सांगतोय. माझं म्हणणं आहे की नवं घर बांधणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला मिळणारा यापेक्षा वाईट सल्ला शोधून सापडणार नाही.

आधी हिशेब. घरपट्टी वाढते हे खरंच आहे. डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ग्रामपंचायत घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारते. जागेचं मूल्य, बांधकामाचं मूल्य, बांधकामाचा प्रकार, त्याचं वय आणि वापर हे सगळं त्यात धरलं जातं. मातीच्या भिंतींच्या साठ वर्षांच्या घराला घसारा मिळतो, नव्या आरसीसी घराला तो मिळत नाही आणि त्याचा दरही जास्त असतो. पुढे दुकानाचा गाळा काढला तर त्या भागाला आणखी जास्त. म्हणून वर्षाला चारशे रुपये भरणाऱ्याला तीन हजारांचं बिल आलं की तो दचकतो.

आता त्या तीन हजारांना बाकीच्या खर्चाशेजारी ठेवून पाहू. समजा घर 900 चौरस फुटांचं आहे आणि चौरस फुटाला 2,000 रुपये खर्च येतो. म्हणजे 18 लाख. ठेकेदारांच्या ठोकताळ्याने त्याला सुमारे 360 गोण्या सिमेंट आणि 3,600 किलो सळई लागते. गोणी 350 रुपयांना आणि सळई किलोला 60 रुपयांना धरली, तर नुसत्या या दोन वस्तूंत जीएसटीचे 52,000 रुपये जातात. दोन्हींवर कर 18 टक्के. सिमेंटवर तर 22 सप्टेंबर 2025 पर्यंत तो 28 टक्के होता. व्यापाऱ्याला त्याने भरलेल्या कराची वजावट मिळते, स्वतःचं घर बांधणाऱ्याला ती मिळत नाही. जागा धरून घराचं भांडवली मूल्य 20 लाख आणि दर हजारी दीड रुपया पकडला, तर घरपट्टी होते वर्षाला 3,000. म्हणजे सतरा वर्षांच्या घरपट्टीएवढा कर आपण सिमेंट-सळईच्या दुकानात मुकाट्याने भरून येतो. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि जो कर गावातच राहतो, ज्याचा हिशेब ग्रामसभेत उभं राहून विचारता येतो, तोच चुकवण्यात आपण हुशारी मानतो.

पैसे वाचवायचेच असतील तर कायदेशीर वाटा आहेत. एकट्या घराच्या बांधकामासाठी फक्त मजुरीचा ठेका दिला, माल स्वतः आणला, तर मजुरीवर जीएसटी लागत नाही. मालासकट ठेका दिला आणि ठेकेदार नोंदणीकृत असला तर 18 टक्के लागतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च 50 लाखांच्या आत असेल तर एक टक्का कामगार उपकरही लागत नाही. एवढी माहिती असलेला माणूस नोंद लपवून वाचणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट वाचवतो.

पण मुद्दा फक्त रुपयांचा नाही. 24 मार्च 2025 ला नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीच्या कुटुंबाचं घर महापालिकेने पाडलं. कागदावर कारण होतं अनधिकृत बांधकामाचं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, तोवर घर पडलं होतं. त्याच्या चारच महिने आधी, 13 नोव्हेंबर 2024 ला, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी यांशिवाय घर पाडता येणार नाही. तरीही हे झालं. म्हणजे कागद असला की घर वाचेलच अशी हमी कुणी देऊ नये. पण नोटीस आली तर त्या पंधरा दिवसांत दाखवायला हातात काहीतरी लागतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या मातीच्या घराची नोंद दाखवून आज उभ्या असलेल्या दोन मजल्यांचा बचाव कुठला वकील करणार?

आणि आपल्या मुळशीत? मे 2025 मध्ये पौडच्या घटनेनंतर तालुक्यातल्या काही गावांत बाहेरगावच्या मुस्लिमांनी नमाजला येऊ नये असे फलक लागले, काही ग्रामपंचायतींनी तसे ठरावही केले. हे संविधानाला धरून नाही, आणि नमाजला जाणाऱ्याकडे कुणी घरपट्टीची पावती मागावी हे तर मुळीच मान्य नाही. पण 'गावचा' आणि 'बाहेरचा' अशी वाटणी करणारे जेव्हा उभे राहतात, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेल्या मुलाणी, तांबोळी, शिकलगारांनी स्वतःच्याच घराची नोंद स्वतःहून लपवलेली असावी, यासारखं दुर्दैव नाही.

"आम्ही कर भरायचा आणि पंचायतीने आमच्याविरुद्ध ठराव करायचे?" हा प्रश्न तरुण विचारतात, आणि तो रास्त आहे. हिंजवडीची आयटी पार्क आणि धरणाकाठचे बंगले यांनी जमिनीचे सरकारी दर वाढवले, आणि त्याचा भार कमाई न वाढलेल्या घरावरही पडतो, हेही खरं. पण याचं उत्तर लपण्यात नाही. शासनाने ठरवलेल्या किमान-कमाल मर्यादेत घरपट्टीचा दर ग्रामपंचायतच ठरवते. आकारणी चुकली तर हरकत घेता येते, पटलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. त्यांत आपल्यातले किती जण जातात? महिला ग्रामसभेला आपल्या किती बहिणी बसतात? पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला-बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो झाला का, हे विचारणाऱ्याच्या खिशात पावती असली की आवाज आपोआप मोठा होतो.

म्हणून भिंतीला पहार लावण्याआधी काय करायचं ते सांगतो. पहिलं, वारसनोंद. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांची नावं चढवा, बहिणींचीही. शरियतने दिलेला तिचा हिस्सा आपण व्याख्यानात सांगतो आणि घर बांधताना विसरतो. भावाने वीस वर्षं घरपट्टी भरली म्हणून तो हिस्सा संपत नाही. दुसरं, परवानगी. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी वाट सोपी केली. मालकीचे कागद, नकाशा, परवानाधारक इंजिनिअरचा दाखला दिला आणि शुल्क भरलं की त्याची पोच हीच परवानगी. फेब्रुवारी 2021 मध्ये तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागासाठीही अशीच सवलत जाहीर केली होती. मुळशीत पीएमआरडीए आहे, त्यामुळे आपली जागा गावठाणात की बाहेर, आणि अर्ज कुठल्या कार्यालयात, हे पाया खणण्याआधी लेखी विचारा. तिसरं, घर पूर्ण झालं की नव्या आकारणीसाठी स्वतः अर्ज करा आणि नमुना 8 चा उतारा घ्या. चौथं, त्या उताऱ्यावर थांबू नका. नमुना 8 ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावरची नावं तपासा.

या सगळ्याला चार-सहा हेलपाटे आणि थोडे पैसे लागतील. 18 लाखांच्या घरात टाइल्स कुठल्या लावायच्या यावर आपण त्याहून जास्त वेळ घालवतो. पुढच्या वेळी कुणी "नोंद करू नका" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: उद्या नोटीस आली तर माझ्या बाजूने कोणता कागद बोलेल?