मार्लवाईच्या बाई

माझे घर आदिलाबाद जिल्ह्यातले. शिक्षणासाठी इकडे आले ती घरची मराठी, शाळेतली तेलुगू आणि बाजारातली उर्दू घेऊन. गोंडी मात्र लहानपणापासून कानांवर पडूनही चार शब्दांपलीकडे येत नाही. गेल्या सुट्टीत मार्लवाईला जाण्याचा योग आला, तेव्हा या गोष्टीची प्रथमच लाज वाटली.

मार्लवाई हे जैनूरजवळचे गोंडांचे लहानसे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, 2016 पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. तेथे शेजारी शेजारी दोन समाध्या आहेत. एक मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांची, दुसरी त्यांच्या पत्नी बेटी एलिझाबेथ यांची. मी सवयीने फुले घेऊन साहेबांच्या समाधीकडे वळले, तोच तेथे बसलेले एक गोंड आजोबा म्हणाले, "पयले बाईले फूल टाक, पोरी. बाई पयले आली इथं, साहेब मंग आले."

आजोबांचे म्हणणे तारखांना धरून आहे. बेटीबाई 11 जानेवारी 1987 रोजी हैदराबादेत वारल्या आणि त्यांना मार्लवाईच्या मातीत ठेवले. हायमेंडॉर्फ 1995 साली लंडनमध्ये निवर्तले, पण त्यांची रक्षा मार्लवाईला पोचली ती 2012 साली. म्हणजे पंचवीस वर्षे तेथे बाई एकट्याच होत्या.

येथे माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी निबंधस्पर्धेत हायमेंडॉर्फांवर लिहिले. त्यात बेटीबाईंच्या वाट्याला एकच वाक्य आले: "पत्नीची त्यांना मोलाची साथ लाभली." निबंधाला बक्षीसही मिळाले! ही 'मोलाची साथ' म्हणजे नेमके काय, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

साथ म्हणजे काय, ते पाहा. लग्न 1938 साली झाले. 1939 मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा हायमेंडॉर्फ हैदराबाद संस्थानात होते. ते मूळचे व्हिएन्नाचे, पण ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यामुळे कागदोपत्री शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना संस्थानाबाहेर जाण्याची मुभा राहिली नाही. बाई जन्माने इंग्रज. अशा वेळी कोणी माहेरी परतली असती तर तिला दोष कोण देता? या बाई मात्र चेंचू, रेड्डी आणि मग गोंड अशा वस्त्यांतून नवऱ्याबरोबर हिंडल्या आणि मार्लवाईत गवताच्या छपराखाली राहिल्या. चुलीपाशी बसून बायाबापड्यांशी बोलणे, बाळंतपण, सासर-माहेर, घरातल्या देवाचे सोवळे हे सारे परक्या पुरुषाला कितीसे कळणार? माझे तर मत असे, की त्या ग्रंथांतले निम्मे घर बाईंच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे.

पुढे 1958 साली दक्षिण आशियाच्या मानववंशशास्त्रीय ग्रंथसूचीचा पहिला खंड निघाला, तो बाईंच्या स्वतःच्या नावाने. सूची करणे हे किती किचकट, डोळे फोडणारे काम आहे ते आपल्या प्राध्यापकांना सांगायला नको. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दोघे पुन्हा आदिलाबादेत आले आणि बदललेले गोंड जीवन त्यांनी नव्याने अभ्यासले. त्यावरचे पुस्तक 1979 साली प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर साहेबांचे नाव आणि पुढे 'सहकार्याने' बाईंचे. पण आपण बोलताना 'हायमेंडॉर्फांचे पुस्तक' म्हणूनच मोकळे होतो.

आमच्या गावाकडचा एक मित्र यावर म्हणाला, "परक्या गोऱ्या लोकांच्या आठवणी कशाला? आठवायचेच तर कुमुरम भीमला आठव." त्याचे अर्धे खरे आहे. 1940 साली जोडेघाटला भीम मारला गेला, म्हणून तर निजाम सरकारला जाग आली आणि गोंडांची दुःखे काय आहेत ते तपासण्याचे काम हायमेंडॉर्फांकडे आले. भीमाचे रक्त सांडले नसते तर मार्लवाईचे शिक्षणकेंद्रही निघाले नसते आणि लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे आदिवासींच्या नावे झाले नसते. पण म्हणून बाईंना विसरावे, हे काही मला पटत नाही. आठवणीत जागा अपुरी पडते, असे थोडेच आहे!

त्या केंद्राची एक गोष्ट मराठी वाचकांना मुद्दाम सांगायची आहे. 1943 साली तेथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करायला सुरुवात झाली. गोंडी मुलांसाठी वाचनपाठ तयार झाले ते गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत. भाषा मुलांच्या घरची, लिपी ओळखीच्या मराठीची. आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड मांडीला मांडी लावून बसतात याचा आपल्याला अभिमान आहे, पण जुन्या हैदराबाद संस्थानाचे आपण तिघे, तेलुगू, मराठी, कन्नड, आपापली राज्ये घेऊन वेगळे झालो, तेव्हा गोंडीच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न आपण कधी चर्चेला घेतला आहे काय? मी तरी घेतला नव्हता. वर्गात माझ्या शेजारी गोंड मुली बसत, त्या माझ्याशी मराठीत बोलत आणि मला ते अगदी स्वाभाविक वाटे.

ग्रंथपाल सरांना मी विनंती केली आहे, की 1979 च्या त्या पुस्तकाच्या कार्डावर दुसरे नावही लिहावे. त्यांनी हसून होकार दिला आहे, कार्ड अजून बदललेले नाही.

दरवर्षी 11 जानेवारीला मार्लवाईत दोघांची पुण्यतिथी होते. यंदा मी जाणार आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर आदिलाबादहून उटनूरमार्गे जैनूरला जाता येते. मात्र रात्रीची थंडी तिकडे फार, घोंगडी घेऊन या.