इस्पितळाचे 'मुख्य काम' कोणते?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा रद्द झाला. आस्थापनेच्या 'मुख्य कामा'त कंत्राटी कामगार लावू नयेत, असे एक वाक्य नव्या संहितेत आहे. ते वाचून ज्यांचे समाधान झाले असेल त्यांनी 'मुख्य काम' या शब्दांची व्याख्याही वाचावी. झाडणे, पुसणे, कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट लावणे ही कामे, आस्थापना खास त्यासाठीच स्थापन झालेली नसेल तर, मुख्य काम ठरत नाहीत. इस्पितळ काही झाडलोटीसाठी स्थापन होत नाही. म्हणजे शस्त्रक्रिया हे मुख्य काम. आणि शस्त्रक्रिया झालेला माणूस ज्या खाटेवर आठवडाभर पडून राहतो ती खाट पुसणे हे गौण काम!

या व्याख्येला कामगार संघटना न्यायाच्या भाषेत उत्तर देत आहेत, आणि ते दिलेच पाहिजे. परंतु या वादात आणखी एक साक्षीदार आहे. त्याला कोणत्याही पक्षाशी देणेघेणे नाही आणि त्याचा मुक्काम इस्पितळातच असतो.

हा साक्षीदार म्हणजे स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू. तीन धडधाकट माणसांमागे सुमारे एकाच्या नाकात तो सुखेनैव नांदत असतो आणि त्याचा त्या माणसाला काही त्रास नसतो. जखम, टाके किंवा शिरेत घातलेली नळी सापडली की मात्र तो आत शिरतो. आणि इस्पितळात तर याच तीन गोष्टींची रेलचेल. १९२८ साली फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत पेनिसिलिनने मारलेला जंतू तो हाच. त्या विजयाचे आयुष्य किती, याचा हिशेब लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळातील जंतुशास्त्रज्ञ मेरी बार्बर यांनी ठेवला. पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस तेथे १९४६ साली शेकडा १४ होते, १९४७ साली ३८ आणि १९४८ साली ५९. हे आकडे पुष्कळांनी उद्धृत केले. बाईंनी त्यांचा लावलेला अर्थ तितका ध्यानात घेतला गेला नाही. प्रत्येक रोग्याच्या अंगात जंतू नव्याने चिवट होत आहे असे नव्हे, तर मुळातच चिवट असलेला जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पेनिसिलिनने दुबळ्या जंतूंना मारून चिवटांसाठी रान मोकळे केले. त्यांना त्या रानात फिरवून आणण्याचे काम इस्पितळाने केले.

यावर औषध कंपन्यांचे उत्तर ठरलेले : नवे औषध. १९५९-६० च्या सुमारास बीचम कंपनीने मेथिसिलिन आणले. १९६१ साली पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्याला दाद न देणारे जंतू इंग्लंडमधूनच जाहीर केले. डॉक्टर ज्याला एमआरएसए म्हणतात तो हा. जपून ठेवलेल्या त्या जुन्या जंतूंची संपूर्ण जनुकलिपी वाचली गेली व २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो मुळातून ध्यानात घेण्याजोगा आहे : हा गुण जंतूंनी १९४० च्या दशकाच्या मध्यावरच, म्हणजे मेथिसिलिन जन्मण्याच्या सुमारे चौदा वर्षे आधी, मिळवलेला होता. पेनिसिलिनच्या अनिर्बंध वापरातच त्याची निवड होऊन गेली होती. नवे औषध बाजारात आले तेव्हा त्याचा पराभव इस्पितळात आधीच येऊन बसला होता. आता तर कंपन्यांनाही या धंद्यात राम वाटेनासा झाला आहे. नोव्हार्टिसने २०१८ साली प्रतिजैविकांच्या संशोधनातून अंग काढून घेतले. नवे प्रतिजैविक मंजूर करून घेणारी अमेरिकेतील अकाओजेन ही कंपनी वर्षाच्या आत, २०१९ साली, दिवाळखोरीत गेली. आठवडाभर घेऊन सोडून द्यायच्या औषधात जन्मभर घ्यायच्या औषधाइतका नफा नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

बार्बरबाईंनी तर्काने जे सांगितले ते आज जनुकलिपीने सिद्ध करता येते. या जंतूचे एक कूळ नाही. अनेक कुळे आहेत आणि प्रत्येक कुळाच्या लिपीत साधारण सहा आठवड्यांनी एखादे अक्षर बदलते. त्या बदलांवरून कोणता जंतू कोणाचा भाऊ आणि कोणाचा नातू, याची वंशावळ मांडता येते. आपल्या उपखंडातही 'बंगालचा उपसागर' असे नाव पडलेले एक कूळ १९६० च्या दशकात उगम पावले आणि पुढे अनेक औषधांचा प्रतिरोध एकदम अंगी बाणवून प्रवाशांबरोबर देशोदेशी गेले. इतकी विविधता असताना एकाच वॉर्डातील दहा रोग्यांच्या अंगी जर एकाच घरची भावंडे सापडली, तर ते दहा जण स्वतंत्रपणे आजारी पडले असे कोण म्हणेल? केंब्रिजमधील नवजात बालकांच्या कक्षात २०११ साली असेच झाले. साथ संपली म्हणून कक्ष धुऊन काढला गेला. चौसष्ट दिवसांनी पुन्हा तोच जंतू. तेव्हा १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली व त्यांतील एकाच्या अंगी तो सापडला. असा कर्मचारी गुन्हेगार नसतो; त्याला उपचार द्यावे लागतात आणि कामाबाहेर ठेवायचे तर पगारी रजा द्यावी लागते. नाकात जंतू निघाला म्हणून पगारी रजा देणारा कंत्राटदार आपल्याकडे कोणी पाहिला आहे काय?

रोगी औषधाचा डोस पुरा करीत नाही, दुकानातून परस्पर गोळ्या घेतो, हे पालुपद आपण नेहमी ऐकतो. चिठ्ठीविना होणारी विक्री ही लाजिरवाणी गोष्ट आहे यात शंका नाही. परंतु २००८ व २००९ साली देशातील पंधरा मोठ्या इस्पितळांत स्टॅफिलोकॉकसपैकी अनुक्रमे शेकडा ४२ व ४० मेथिसिलिनला दाद न देणारे निघाले, त्याचे सारे खापर रोग्याच्या माथी फोडता येत नाही. हॉलंडमध्ये हेच प्रमाण शेकडा एक-दोनच्या घरात आहे. डच माणूस काही निराळ्या मातीचा घडलेला नाही. तेथे संशयित रोग्याची दाखल होतानाच तपासणी होते, त्याला वेगळे ठेवले जाते. आणि हे करायला माणसे लागतात.

माणसे कमी केली की काय होते, हा प्रयोग इंग्लंडने करून पाहिला. सप्टेंबर १९८३ मध्ये थॅचर सरकारने इस्पितळांची सफाई, धुलाई व भोजनव्यवस्था निविदा मागवून देण्याचा आदेश काढला. सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे सर्वांत कमी हात. २००३-०४ साली तेथे एमआरएसए रक्तात शिरल्याच्या सुमारे ७,७०० घटना नोंदल्या गेल्या. मग सरकार जागे झाले. हात धुण्याची मोहीम, रोग्यांची तपासणी, इस्पितळप्रमुखांवर जबाबदारी असे उपाय झाले आणि २००८-०९ मध्ये तो आकडा ३,००० च्या खाली आला. एक कूळ तोवर आपोआपच ओसरू लागले होते असे काही तज्ज्ञ म्हणतात. ते धरले तरी ही घट नव्या औषधाने झाली असे कोणी म्हणत नाही. स्कॉटलंडने २००८ सालीच सफाईची नवी कंत्राटे बंद केली. इंग्लंडमधील १२६ इस्पितळ-न्यासांचा २०१० ते २०१४ या काळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एक लाख खाट-दिवसांमागे एमआरएसएचे प्रमाण स्वतःचे सफाई कामगार असलेल्या ठिकाणी १.४६ होते व कंत्राटी सफाईच्या ठिकाणी २.२८. कंत्राटी सफाई स्वस्त पडते, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. मात्र वाढलेल्या रोगाच्या उपचाराचा खर्च त्या स्वस्ताईत धरलेला नाही!

कायम कामगार तरी कुठे काम करतात, असा प्रश्न मध्यमवर्गीय सहानुभूतिदारही विचारतात. जेथे देखरेख नाही तेथे कोणीच काम करीत नाही, डॉक्टरही नाही. खरा मुद्दा हुकमतीचा आहे. कंत्राटी सफाईवालीची बांधिलकी कंत्राटदाराच्या मुकादमाशी असते. वॉर्डातील सिस्टरने सांगितलेले काम तिच्या करारात बसत नाही. जंतुनाशक किती पातळ करायचे, पुसायचे फडके किती खाटांना वापरायचे, हे मुकादम नफ्याच्या हिशेबाने ठरवतो. दर काही महिन्यांनी माणसे बदलली की शिकवलेले सारे पाण्यात जाते.

१९७० च्या कायद्याच्या आधारे मुंबई महापालिकेच्या २,७०० कचरा कामगारांना कायम करण्याचा निर्णय कचरा वाहतूक श्रमिक संघाने २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून मिळवला. ती वाट आता अरुंद झाली आहे. म्हणून सफाईला वगळणाऱ्या व्याख्येतून इस्पितळे बाहेर काढावीत, ही मागणी कामगारांच्या मोर्च्याइतकीच रोग्यांच्या नातेवाइकांच्या सभेतही मांडली गेली पाहिजे. आपल्या प्रत्येक जिल्हा शाखेने माहितीच्या अधिकारात जिल्हा रुग्णालयाचे सफाईचे कंत्राट मागवावे. दर पाळीला दर वॉर्डात किती माणसे कबूल केली आहेत, हातमोजे व जंतुनाशक कोण पुरवतो, संसर्ग नियंत्रण समितीत सफाई कामगारांचा एक तरी प्रतिनिधी आहे का, हे त्यात पाहावे. आणि मग रात्रपाळीला वॉर्डात जाऊन माणसे मोजावीत.