बोल मात्र सुनेला

डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन. फळ्यावर तीन शब्द आणि दोन बाण काढले की आपला जनुकशास्त्राचा तास संपतो. दुसऱ्या बाणावर पहारा कोणाचा, हे विचारायचे राहूनच जाते. तो पहारा करणाऱ्या एका प्रथिनाचा आपल्या घरांतील एका अन्यायाशी संबंध आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

'एफएमआर-१' हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. १९९१ साली त्याचा शोध लागला. त्याचे प्रथिन संदेशवाहक आरएनएला चिकटते आणि मज्जापेशींच्या जोडांपाशी नवी प्रथिने बनण्याचा वेग आवरून धरते. हा लगाम सुटला की मूल उशिरा बोलते, शिकणे जड जाते, नजरेला नजर देत नाही. या विकाराला 'फ्रॅजाइल एक्स' म्हणतात.

नवल असे की, प्रथिनाचा मजकूर बहुधा शाबूतच असतो. जनुकाच्या आरंभी 'सीजीजी' ही तीन अक्षरे पुन्हापुन्हा येतात, बहुतेकांत सुमारे ३० वेळा. ती २०० च्या वर गेली की जनुकालाच कुलूप लागते. ५५ ते २०० यांमधली माणसे वाहक. ती बहुधा चारचौघांसारखीच असतात. काहींना मात्र उतारवयात हात कापण्याचा, तोल जाण्याचा त्रास होतो. पण आईकडून मुलाकडे जाताना हा आकडा फुगू शकतो.

मुलगा मंद निघाला की आपल्याकडे बोल लागतो सुनेला. आता एखादा विज्ञानाचा विद्यार्थी म्हणेल, मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, मग सासूबाईंचे चुकले कोठे? अर्धवट ज्ञान ते हेच! त्या आईला तो दोष कदाचित तिच्या वडिलांकडून आला असेल. वाहक पुरुष तो आपल्या सर्व मुलींना देतो, मुलांपैकी एकालाही नाही. गावात मानाने वावरलेल्या त्या आजोबांना कोणी जाब विचारला आहे काय? विचारूही नये. अक्षरे किती वेळा लिहिली जावीत, हे ना त्यांनी ठरवले, ना त्यांच्या लेकीने.

निदान रक्ताच्या तपासणीने होते. गंडेदोऱ्यांत वर्षे घालवण्यापेक्षा ती करावी आणि निष्कर्ष आईच्या भावंडांनाही सांगावा. लग्न मोडेल या भीतीने तो धाकट्या बहिणीपासून दडवला, तर मूल होण्याआधी स्वतःची तपासणी करून घेण्याची संधी तिला मिळतच नाही.