आजोबांचं घड्याळ



तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे विसराळू आजोबा आहेत का? कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे नव्हेत हं! तसं तर मीही करतो. जेवून उठल्यावर दहाच मिनिटांनी "मला जेवायला कधी देणार?" असं विचारणारे.

जालना जिल्ह्यात, बदनापूरच्या बाजूला, माझ्या ओळखीचे असे एक आजोबा आहेत. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. सकाळी आठला ओसरीवर भेटा, मोसंबीचा आंबे बहार कसा धरायचा, मृग बहार कसा, हे इतकं नीट सांगतील की यांना काही आठवत नाही हे खरंच वाटणार नाही. पण दिवेलागण झाली की येरझाऱ्या सुरू. दाराची कडी काढतात. "बैल तहानलेत, मला जाऊ द्या." नातू म्हणायचा, "आबा, बैल विकून दहा वर्षं झाली की!" झालं! आबा चिडायचे, कधी चक्क रडायचे. शेजारी म्हणत, म्हातारचळ. कुणी म्हणे, नाटकं करतात.

नाटक मुळीच नाही. हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर १०० माणसांत सुमारे ७ जणांना तो आहे.

पण मग सकाळचे आबा वेगळे आणि संध्याकाळचे वेगळे, असं का? आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, पेशींचे दोन चिमुकले पुंजके असतात. दोन्ही मिळून जेमतेम २०,००० पेशी! हेच आपलं घड्याळ. कधी झोपायचं, कधी जागं व्हायचं, ते हेच ठरवतं. आणि त्याला किल्ली देतो उजेड. (अशी घड्याळं पेशीच्या आत कशी चालतात ते माशीवर, हो, फळांवर घोंघावणाऱ्या चिलटावर, शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.) या आजारात त्या पेशीही कमी होतात. त्यात म्हातारपणी डोळ्यांतलं भिंग पिवळं पडतं, आजोबा दिवसभर आतल्या खोलीत, म्हणजे उजेडही कमी. मग दिवसा डुलक्या, रात्री जाग, आणि दमलेला मेंदू संध्याकाळी सावल्यांना घाबरतो. आपल्याकडे त्या वेळेला 'कातरवेळ' म्हणतात ते उगाच नाही.

आजार बरा करणारं औषध अजून नाही. घड्याळाला मात्र हात लावता येतो, आणि इथे तुमचं काम आहे. सकाळी आजोबांचा हात धरून अर्धा तास उन्हात फिरवून आणा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मात्र ऊन तापायच्या आत परत या. जेवण रोज ठरल्या वेळी. दुपारनंतर चहा नको. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. आणि एक वही करा: कधी झोपले, कधी उठले, कधी चिडले. आठवडाभराची ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. गोंधळ एका दिवसात एकदम वाढला तर मात्र वहीबिही सोडा आणि लगेच मोठ्यांना सांगा. अंगातलं पाणी कमी झाल्यानं किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंही तसं होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

त्या नातवाने आता बैल विकल्याचं सांगणं सोडलंय. तो आबांजवळ बसतो आणि विचारतो, "आबा, दोघांत मारका कोणता होता?" आबा कडीवरचा हात काढतात. "मारका? अरे, तो डावा..."