इंजिनाच्या पोटातला हिवाळा

दर जानेवारीत सफदरजंग वेधशाळेचा एक आकडा राष्ट्रीय बातमी होतो. १ जानेवारी २०२१ रोजी तो १.१ अंश सेल्सिअस होता, १६ जानेवारी २०२३ रोजी १.४. या वेधशाळेच्या नोंदीतला नीचांक उणे ०.६ अंश आहे, तो १६ जानेवारी १९३५ चा. वेधशाळा आमच्या लक्ष्मीबाई नगरपासून जवळच असल्याने बातमीतली थंडी ही आमच्याच दाराशी मोजलेली थंडी असते. ही बातमी आली की पाठोपाठ गाडीची काळजी कशी घ्यावी याच्या याद्या फिरू लागतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : ‘हिवाळ्यात इंजिन ऑइल पातळ घाला.’

या वाक्याविषयी मला लिहायचे आहे, कारण दोन हिवाळ्यांपूर्वी हेच वाक्य मी एका माणसाला ऐकवले आणि त्याचे नुकसान केले.

वसाहतीच्या फाटकाशी एक टॅक्सीचालक उभे असतात. थंडीसाठी तेल बदलायला हवे असे गॅरेजवाला म्हणतो, ते खरे का, असे त्यांनी मला विचारले. मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेली, प्रयोगशाळेत नोकरी करणारी. थंडीत द्रवाची श्यानता वाढते, तेव्हा पातळ तेल बरेच, असे मी चालता चालता सांगून टाकले. त्यांनी जुन्या, पुष्कळ धावलेल्या गाडीतले १५डब्ल्यू-४० काढून ०डब्ल्यू-२० घातले. पहाटे गाडी झटक्यात सुरू होऊ लागली आणि त्यांनी माझे आभारही मानले. जानेवारीतच एका संध्याकाळी जयपूरहून परतताना, दिल्लीच्या वेशीवर सिग्नलला थांबले असता, तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकू लागला. बाहेर कडाक्याची थंडी होती. त्यांनी वेळीच इंजिन बंद केले म्हणून ते वाचले. तेल पुन्हा बदलावे लागले. दोन वेळचे तेल, दोन फिल्टर आणि एका दिवसाची कमाई गेली. मी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. “मॅडम, तेल काही तुम्ही घातले नव्हते,” एवढेच ते म्हणाले.

मी सांगितलेले वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. उरलेला अर्धा भाग आज मांडते.

संक्रांतीला गुळाचा पाक करणाऱ्या प्रत्येकाला श्यानता ठाऊक असते. कढईत उकळताना पाक सहज फिरतो, ताटात ओतून जरा निवला की हलायला तयार नसतो. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना जो अंतर्गत विरोध होतो, तो म्हणजे श्यानता. तापमान वाढले की ती घटते, आणि तेलात ही घट फार मोठी असते. १५डब्ल्यू-४० प्रकारच्या तेलाची श्यानता ० अंशापासून १०० अंशापर्यंत जाताना सुमारे ऐंशी ते नव्वद पटींनी कमी होते. म्हणजे पहाटे इंजिनाच्या तळाशी असलेले तेल आणि तासाभराने बेअरिंगमध्ये फिरणारे तेल हे व्यवहारात दोन वेगळे द्रव आहेत. डब्यावर दोन आकडे असतात ते याचसाठी.

पहिला आकडा थंडीचा. ‘डब्ल्यू’ हे ‘विंटर’चे आद्याक्षर, ‘वेट’चे नव्हे, हा गैरसमज माझाही बरीच वर्षे होता. अमेरिकेतील ‘एसएई’ या संस्थेच्या जे-३०० मानकात या आकड्यामागे दोन चाचण्या आहेत. पहिलीत पाहतात की सेल्फ मारल्यावर थंडगार तेलातून क्रँकशाफ्ट फिरेल का. दुसरीत पाहतात की पंप ते तेल ओढू शकेल का. २०डब्ल्यू तेल पहिली चाचणी उणे १५ अंशाला देते आणि दुसरी उणे २० ला. १५डब्ल्यूसाठी हेच तापमान उणे २० आणि उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि उणे ३५, तर ०डब्ल्यूसाठी उणे ३५ आणि उणे ४० आहे. पंपाच्या चाचणीत श्यानता ६०,००० मिलिपास्कल-सेकंदांपेक्षा जास्त चालत नाही. खोलीच्या तापमानाला पाण्याची श्यानता साधारण १ मिलिपास्कल-सेकंद असते, एवढ्यावरून मर्यादेची कल्पना यावी.

हे आकडे सफदरजंगच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. त्या वेधशाळेच्या नोंदीतला नीचांक उणे ०.६ आणि २०डब्ल्यूसारख्या ‘जाड’ तेलाची पहिली परीक्षा उणे १५ अंशाला. दिल्लीची थंडी हाडे गोठवते, पण चांगल्या स्थितीतल्या गाडीत घातलेल्या योग्य तेलाच्या मर्यादेजवळ ती पोचतही नाही. पहाटे गाडी सुरू होत नसेल तर दोष बहुधा जुन्या बॅटरीचा असतो. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि तेलही काहीसे जड झालेले असते. अशा वेळी आधी बॅटरी तपासावी.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा, आणि मी विसरले होते तो हाच. ‘४०’ म्हणजे १०० अंशाला तेलाची शुद्धगतिक श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ‘२०’ म्हणजे ६.९ ते ९.३. शिवाय बेअरिंगमधल्या परिस्थितीची नक्कल करणारी आणखी एक चाचणी असते, १५० अंशाला, प्रचंड वेगाने तेल घुसळून. तीत १५डब्ल्यू-४० ची श्यानता किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते, ०डब्ल्यू-२० ची २.६. धातूला धातूपासून दूर ठेवणारा तेलाचा थर या आकड्यांवर उभा असतो. शाफ्ट फिरताना तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, त्यातून दाब निर्माण होतो आणि त्या दाबावर शाफ्ट तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले. फट, वेग आणि श्यानता यांपैकी एक बिघडले की थर फाटतो. टॅक्सीच्या जुन्या इंजिनात फटी झिजून रुंदावल्या होत्या, सिग्नलला वेग कमी होता, आणि श्यानता मी कमी करून ठेवली होती.

पण बाहेर तर जानेवारी होता! इथेच खरी मेख आहे. इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. नीट तापलेल्या इंजिनातले तेल जानेवारीतही साधारण ९० ते ११० अंशांना असते. इंजिनाच्या पोटात हिवाळा येतो तो पहाटेची पहिली दहा-पंधरा मिनिटे, पुढे बारा महिने वैशाख. तेव्हा हिवाळ्यासाठी दुसरा आकडा बदलणे म्हणजे दहा मिनिटांच्या सोयीसाठी दिवसभराचे संरक्षण गहाण टाकणे होय.

मग ‘हिवाळ्यात तेल पातळ’ हा समज आला कुठून? तो अडाणीपणातून आलेला नाही. पूर्वी एकाच आकड्याची तेले मिळत आणि ऋतूनुसार ती बदलणे शहाणपणाचे होते. नंतर बहुश्रेणी तेले आली. त्यांत लांब साखळीचे बहुवारिक रेणू मिसळलेले असतात. थंडीत हे रेणू गुंडाळी करून बसतात आणि प्रवाहात फारसे आडवे येत नाहीत. उष्णतेत ते फुलतात व तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. ऋतूनुसार तेल बदलण्याची कटकट या रेणूंनी संपवली. सल्ला मात्र मागे उरला. तो एके काळचे सत्य आहे, आणि एके काळची सत्ये साध्या चुकांपेक्षा जास्त चिवट असतात.

याचा अर्थ जाड तेल नेहमीच भले असा नाही. ‘इंजिनाला जाड तेलच मजबूत’ हा समजही तितकाच घातक आहे. आजची कित्येक नवी इंजिने ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ तेलासाठीच घडवलेली असतात; त्यांच्या फटी आणि पंप त्या हिशेबाने असतात. त्यांत २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे इंधन वाया घालवणे आणि पहाटे वरच्या भागांना तेलासाठी ताटकळत ठेवणे. निवड करायची ती गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतून. तिच्यात बहुधा तापमानाची पट्टी आणि तीत बसणाऱ्या श्रेणी दिलेल्या असतात. एकाहून अधिक श्रेणी चालत असतील, तर दुसरा आकडा तोच ठेवून पहिला लहान घ्यावा.

थंडी खरोखर निर्णायक ठरते ती दिल्लीच्या उत्तरेला. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला आणि दिल्लीकरांच्या गाड्या ऐन हिवाळ्यात लाहौलपर्यंत जाऊ लागल्या. लाहौल-स्पितीत वा लडाखमध्ये पारा उणे २० च्या खाली जातो, तेव्हा २०डब्ल्यू तेल पंपाच्या मर्यादेला टेकलेले असते. मुंबईत वर्षभर वाहणारे खोबरेल दिल्लीत आल्यावर बाटलीत दगड होऊन बसते, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. तिथे स्निग्धाम्ले गोठतात, खनिज तेलात आणि डिझेलमध्ये मेणाचे स्फटिक बनतात. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले.

इंजिन ऑइलमधले हे गोठणे फसवे असते. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील सू फॉल्स परिसरात कित्येक इंजिने निकामी झाली. त्यांतले तेल सेल्फच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले होते, पण विशिष्ट रीतीने हळूहळू थंड होताना त्याची जेली झाली. गाडी सुरू झाली आणि पंपाला तेल मिळाले नाही. सुरूच न झालेल्या इंजिनाचे काही बिघडत नाही. तेलावाचून सुरू झालेले इंजिन स्वतःला खाते. पंपाची चाचणी सेल्फच्या चाचणीहून पाच अंश खाली ठेवण्यामागचे तर्कशास्त्र हेच, की सुरू होऊ शकणाऱ्या प्रत्येक इंजिनाला तेल मिळालेच पाहिजे. त्या घटनेनंतर या चाचणीत तेल सावकाश थंड करण्याची पद्धत आली. डोंगरात मुक्काम करायचा असेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल, तर ५डब्ल्यू वा ०डब्ल्यू घेणे ही चैन नव्हे, गरज आहे.

आता एक कबुली आणखी. मीही अनेक हिवाळे पहाटे गाडी सुरू करून दहा मिनिटे तशीच सोडत असे, ‘तेल गरम होऊ दे’ म्हणून. धूर समोरच्या तळमजल्याच्या खिडकीशी जाई. तिथल्या आजींना दमा आहे. एक दिवस त्या खिडकीच्या फटींत जुने वर्तमानपत्र खोचताना दिसल्या. बोलल्या काहीच नाहीत. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसल्याने तेल फार सावकाश तापते. थंड इंजिन जास्त इंधन जाळते आणि उत्प्रेरक परिवर्तक तापेपर्यंत धूर नीट शुद्धही होत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात तर थंड हवा जमिनीशी साचून राहते आणि धूर तिथेच घुटमळतो. सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे, मग पहिली काही मिनिटे इंजिनाला न ताणता हळू चालवावे. तेल त्यानेच लवकर तापते. हे गणित मला येत होते, ते मी केले नव्हते, इतकेच.

म्हणून माझे मत असे. तेलाच्या डब्यावरचा ‘५डब्ल्यू-३०’ हा सांकेतिक मजकूर शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण तो ज्यांच्या पैशाने विकला जातो त्यांना वाचता येत नाही. डब्यावर भारतीय भाषांत दोन ओळी सक्तीच्या असाव्यात : हे तेल किती उणे अंशांपर्यंत पंप होते, आणि तापल्यावर कोणत्या श्रेणीत बसते. एवढ्याने ‘हिवाळी तेला’च्या नावाखाली होणारी निम्मी विक्री थांबेल असा माझा अंदाज आहे.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात काचेच्या नळीत द्रव भरून पोलादी गोळी सोडतात आणि तिच्या अंतिम वेगावरून श्यानता काढतात. शिक्षकांना विनंती, की एकदा तोच प्रयोग दोन श्रेणींच्या इंजिन ऑइलवर करावा : जानेवारीच्या सकाळी एकदा, आणि नळी गरम पाण्यात बुडवून पुन्हा एकदा. तो आलेख ज्याने स्वतः काढला, त्याला गॅरेजमध्ये कोणी सहजी फसवणार नाही.

आणि माझ्यासारख्या संशोधकांनी स्वतःला एक शिस्त लावून घ्यावी. कोणी चालता चालता प्रश्न विचारला तर थांबावे. गाडी कोणती, किती चाललेली, पुस्तिकेत काय लिहिले आहे, हे आधी विचारावे. ते टॅक्सीचालक अजूनही फाटकाशी असतात. या डिसेंबरात त्यांनी मला नव्या बॅटरीविषयी विचारले. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटले, “आधी बॉनेट उघडा, जुनी बघू या.”