वडाराच्या लेकराचा जीव

अमेरिकेंत 2020 सालीं गोऱ्या शिपायानें काळ्या जॉर्ज फ्लॉइडचा जीव गुडघ्याखालीं घेतला. त्यास साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आमच्याकडील शहाण्यांनींहि तेव्हां केवढे उसासे टाकले!

आणि शेजारच्या परभणींत? 15 डिसेंबर 2024 रोजीं वडारांचा, कायदा शिकणारा सोमनाथ सूर्यवंशी कोठडींत मेला. शवचिकित्सेंत अंगावर अनेक जखमा निघाल्या. मुख्यमंत्री विधिमंडळांत म्हणाले, चित्रणांत मारहाण दिसत नाहीं. बरें, मग गुन्हा नोंदविण्याचा हायकोर्टाचा हुकूम मोडावयास सरकार 2025 सालीं सुप्रीम कोर्टापर्यंत कां धांवलें? तेथेंहि तें हरलें. हें सारें त्याच्या आईनें लढून मिळविलें. सरकारचे 10 लाख तिनें नाकारले.

नांदेड-लातूरच्या कुणबी-सुतार-लोहारांनो, त्या माउलीस कोर्टाच्या पायरीवर एकटी उभी राहूं देऊं नका.